रिकाम्या पेल्याचे ऋण

मराठी कानाला ‘प्याला’ हा शब्द निर्दोष वाटत नाही. पाणी पिण्याचे साधे काम ‘पेला’ करतो. ‘प्याला’ म्हटले की सुधाकर आठवतो आणि त्याच्या मागोमाग सिंधू येते. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत निवर्तले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आणले. मद्यपानाच्या अनर्थावरील मराठीतील सर्वांत गाजलेले हे नाटक प्रथम उभे राहिले ते आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेर वसलेल्या एका मराठी वस्तीत. गडकऱ्यांनी शीर्षकाला मद्याचे नाव न देता भांड्याचे नाव दिले, आणि तेव्हापासून बिचारे भांडेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहे.

या महिन्याच्या लेखाचा विषय ते भांडे हाच आहे. जुनी मद्यपात्रे, त्यांच्यासोबतचे चिमटे, गाळण्या, मापे, काचेच्या सुरया, सोड्याच्या बाटल्या अशा वस्तू जुन्या बाजारांतून शोधून जमवण्याचा एक छंद आहे. कौटुंबिक मासिकात हा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. तथापि, आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, कुलुपबंद कपाटात किंवा आजोबांच्या लाकडी पेटीत या जातीची एखादी वस्तू पडून असते आणि तिचे काय करावे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. ती भंगारवाल्याला वजनावर जाते किंवा दिवाणखान्यात शोभेला मांडली जाते. दोन्ही वेळा ती न वाचताच निकालात निघते. म्हणून आधी ती वाचायची कशी, हे पाहू.

या छंदाचे माहेर अमेरिका. ‘कॉकटेल’ या शब्दाची पहिली छापील व्याख्या तेथील एका वृत्तपत्रात १८०६ साली आली: मद्यार्क, साखर, पाणी आणि ‘बिटर्स’ म्हणजे कडू वनस्पतींचा अर्क, यांचे मिश्रण. या मिश्रणाचे पुढे एवढे प्रस्थ माजले त्याचे मुख्य कारण बर्फ. गोठलेल्या तळ्यांचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून विकण्याचा धंदा बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने उभारला. १८३३ साली त्याचे जहाज तो बर्फ घेऊन थेट कलकत्त्याला पोहोचले होते. बर्फ आला तशी त्याची भांडी आली. बर्फ ठेवायला बादली, उचलायला चिमटा, मिश्रण बर्फासह हलवायला झाकणाचे भांडे, ओतताना बर्फाचे तुकडे अडवायला गाळणी. झाकण, गाळणी आणि पात्र अशा तीन भागांच्या ‘शेकर’चे पेटंट ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉकने १८८४ साली घेतले. दोन शंकू टोकाला टोक लावून जोडावेत तसे दिसणारे ‘जिगर’ नावाचे माप त्याच काळातले. आपल्याकडे ‘पेग’चे माप म्हणतात तेच हे, एका बाजूने सुमारे ३० मिलिलिटर आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या दुप्पट, अशी त्याची नेहमीची घडण.

या भांड्यांचा सुवर्णकाळ मात्र दारूबंदीच्या पोटातून जन्मला. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशव्यापी दारूबंदी अमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठली. या जवळजवळ चौदा वर्षांत उघडे गुत्ते बंद झाले, पण पिणे घरात शिरले. चोरून गाळलेल्या दारूची उग्र चव फळांच्या रसात आणि साखरेत लपवावी लागे. त्यामुळे मिश्रणाची कला दिवाणखान्यात आली. बंदी उठताच कारखान्यांनी शेकरांचा पाऊस पाडला. जागतिक मंदीने खिसे रिकामे झाले होते, म्हणून चांदीची जागा क्रोमियमच्या मुलाम्याने घेतली. आकारांत तर कल्पनेला मोकळे रान मिळाले. घंटेच्या आकाराचे, व्यायामाच्या डंबेलासारखे, गगनचुंबी इमारतीसारखे शेकर निघाले. नेपियर कंपनीचा १९३६ चा पेंग्विन पक्षी आज संग्राहकांना वेड लावतो. त्याची चोच हीच ओतण्याची तोटी. पुढे दुसऱ्या महायुद्धाने धातू तोफांकडे वळवला आणि हा खेळ थांबला.

ज्यांनी ही भांडी हौसेने घेतली ती पिढी वृद्ध झाली, घरे आवरली गेली, आणि मुलानातवंडांनी खोकीच्या खोकी दान दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत नेऊन टाकली. अशा दुकानांना तिकडे ‘थ्रिफ्ट स्टोअर’ म्हणतात. जुने कपडे, पुस्तके, खुर्च्या यांच्या गर्दीत एखाद्या फळीवर सहा पेले आणि एक शेकर धूळ खात उभे असतात आणि जाणता मनुष्य ते क्षुल्लक किमतीत घरी नेतो. ही दुकाने कोण चालवते, यात एक मोठी बोधप्रद गोष्ट दडलेली आहे. ती योग्य ठिकाणी सांगेन.

एवढे वाचून हा सारा परक्यांचा मामला आहे असे कोणाला वाटेल. पण तसे नाही. मिश्र मद्याचा जो प्रकार कॉकटेलच्या पुष्कळ आधी युरोपभर पसरला त्याचे नाव ‘पंच’. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका इंग्रज नोकराच्या १६३२ सालच्या पत्रात हा शब्द प्रथम आढळतो, आणि तो आपल्या ‘पाच’ या संख्यावाचकापासून आला, असे मत बहुतेक कोशकार देतात: अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे पाच जिन्नस. तिकडे गरम पाण्यात घेतल्या जाणाऱ्या मद्याला ‘टॉडी’ म्हणतात. ती उघडउघड आपली ताडी. या पंचासाठी मोठाली वाडगी निघाली आणि लांब दांड्याच्या पळ्या निघाल्या. अठराव्या शतकातील इंग्रजी पळ्यांना पुष्कळदा व्हेल माशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्यांचा पीळदार दांडा असे आणि पळीच्या तळाशी चांदीचे नाणे बसवलेले असे.

इंग्रजी छावण्यांबरोबर ही सामग्री आपल्या दारात आली. इंदूरजवळचे महू, म्हणजे २००३ पासूनचे डॉ. आंबेडकर नगर, १८१८ पासूनची छावणी; बेळगाव आणि सिकंदराबाद येथेही तेच. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांची बदली झाली की घरसामान लिलावात निघे आणि ते हातोहात गावात मुरे. दुसरी वाट संस्थानांची. ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादात भोजनाच्या लांब मेजावर रूळ मांडलेले आहेत आणि त्यावरून चांदीची छोटी आगगाडी फिरे. महाराज माधवराव शिंदे यांच्यासाठी इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने ती १९०६ साली तयार केली. तिच्या डब्यांवर ‘सिंदिया’ या नावाची इंग्रजी अक्षरे आहेत आणि डब्यांतून कापीव काचेच्या सुरया व चिरूट पाहुण्यांपुढे येत. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे आणि परत ठेवली की चालू लागे. हा प्रासाद संग्रहालय म्हणून खुला झाल्यापासून शाळांच्या सहली ती गाडी पाहायला जातात. मुलांना त्यात आगगाडी दिसते, आणि त्यांच्या वयाला तेवढे दिसणेच योग्य.

इंदूरची कथा अधिक उद्बोधक आहे. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग प्रासाद सजवून घेतला. खुर्च्या, गालिचे, दिवे यांपासून पॅरिसच्या ज्याँ प्युइफोर्का या रजतकाराने घडवलेल्या चांदीच्या सामानापर्यंत सारे काही त्या काळच्या अगदी नव्या शैलीतले. १९८० साली त्यातील बराच संग्रह मोनॅको येथे सदबीज कंपनीच्या लिलावात विकला गेला. प्रासादात पुढे केंद्र सरकारचे उत्पादनशुल्क व सीमाशुल्क कार्यालय आले. त्या संग्रहाचे मोल जगाने ओळखले. २०१९-२० मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्यावर प्रदर्शनही भरले. आपण इंदूरकरांनी मात्र आपल्याच गावच्या वस्तू पाहायच्या तर परदेशी छापलेल्या पुस्तकांतील चित्रांतून पाहायच्या. वस्तू गावाबाहेर गेल्याचे मला तितके दुःख नाही. ती येथे असताना तिच्याविषयी कोणी चार ओळी लिहून ठेवल्या नाहीत, याचे आहे.

गोव्याच्या वाचकांची परंपरा निराळी. तिकडे वेताच्या विणीत बसवलेली मोठ्या पोटाची, आखूड गळ्याची काचेची बरणी घरोघर असे. पोर्तुगीज तिला ‘गार्राफाँव’ म्हणत. काजूची फेणी, उराक यांची साठवण तिच्यात होई. फेणी हे नाव आले ‘फेणा’वरून, म्हणजे फेसावरून, ओतताना उठणाऱ्या बुडबुड्यांवरून जाणते लोक तिचा कस ओळखत. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ साली नंदन कुडचडकर यांनी कांदोळी येथे फेणीच्या जुन्या साधनसामग्रीचे संग्रहालयच उघडले. तेथे बरणी लाजेने माळ्यावर न जाता इतिहास म्हणून मांडली गेली, हे मला विशेष वाटते.

आता प्रत्यक्ष बाजाराकडे वळू. हैदराबादचा जुमेरात बाजार, अहमदाबादला साबरमतीकाठी रविवारी भरणारा गुजरी बाजार, मुंबईचा चोर बाजार येथे, आणि आपापल्या गावच्या भंगाराच्या दुकानांत या वस्तू आजही येतात. त्या हाती आल्यावर काय पाहावे?

धातूचे भांडे असेल तर ते उलटे करावे. बुडावर ‘ई.पी.एन.एस.’ अशी चार इंग्रजी अक्षरे असतील, तर ती चांदी नव्हे, चांदीचा विजेने चढवलेला मुलामा होय. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० साली या प्रक्रियेचे पेटंट घेतले. मुलाम्याखालच्या धातूला आपण ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतो. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा कणही नसतो. इंग्लंडमध्ये तपासून शिक्का मारलेल्या अस्सल चांदीवर चालत्या सिंहाची मुद्रा असते आणि हजारात ९२५ भाग चांदी असते. आपल्या देशातील कारागीरही मागे नव्हते. भुजचे ओमरसी मावजी हे कच्छ दरबारचे चांदीकार. पानाफुलांच्या दाट वेलबुट्टीत मधूनच एखादा प्राणी डोकावावा, अशी त्यांच्या घराण्याची घडण. त्यांच्या नावाची अक्षरे तळाशी दिसली, तर ते भांडे कदापि वजनावर देऊ नये. आणखी एक सूचना गृहिणींना: चिंच आणि राख यांनी घासण्याची आपली सवय पितळेला साजते, मुलाम्याला मात्र ती घातक आहे. चार दिवाळ्यांत चांदी निघून जाते आणि खालचा पिवळट धातू उघडा पडतो.

काचेचे भांडे असेल तर कडांवरून बोट फिरवावे. हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला टोचतात. साच्यात दाबून काढलेल्या काचेच्या कडा गोलसर असतात आणि बाजूला साच्याची बारीक शिवण दिसते. जुन्या चांगल्या सुरयांची बुचे एकेका गळ्यात घासून बसवलेली असत. म्हणून गळ्यावर आणि बुचावर एकच आकडा कोरलेला असे. दोन्ही आकडे जुळले तर जोडी मूळची, नाही जुळले तर एका सुरईच्या विधवा बुचाचा दुसरीशी पुनर्विवाह झालेला आहे, असे समजावे.

सोड्याच्या बाटल्यांनी तर आपल्यापैकी अनेकांचे बालपण गोड केले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोळी, वरून रबराची चकती, आणि आतील वायूच्याच दाबाने गोळी चकतीला चिकटून तोंड बंद, ही युक्ती हायरम कॉड या इंग्रजाची, १८७२ सालची. बाटली फोडून गोट्या काढण्याचा उद्योग ज्याने केला नाही त्याचे बालपण अपुरे म्हणायचे. तोटी आणि खटका असलेला सोड्याचा ‘सायफन’ हा तिचा श्रीमंत भाऊ. त्यावर तारेची जाळी असते ती शोभेसाठी नव्हे. काच दाबाने फुटली तर तुकडे उडू नयेत, म्हणून ते चिलखत असते. जुना सायफन कपाटात ठेवावा, त्यात पुन्हा वायू भरण्याचे साहस कोणी करू नये.

आणि आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. जड, चमकदार आणि टिचकी मारताच नाद देणारी ‘क्रिस्टल’ काच म्हणजे शिसे मिसळलेली काच. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली तिच्या घडणीचे पेटंट घेतले. उत्तम प्रतीच्या अशा काचेत वजनाच्या २४ टक्के किंवा अधिक लेड ऑक्साइड असते. १९९१ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, अशा सुरईत काही महिने ठेवलेल्या पोर्ट मद्यात शिशाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. मद्य न पिणाऱ्या घरांनाही हे लागू आहे, कारण आंबट पदार्थ शिसे ओढून घेतात. सुंदर दिसते म्हणून अशा सुरईत लिंबाचे सरबत, कोकमाचे आगळ किंवा लोणचे मुळीच साठवू नये. आणि लहान मुलांना व गर्भवतींना तर त्या पेल्यातून काहीच देऊ नये. तांब्याच्या पेल्यांचीही आज नव्याने हौस आली आहे. पण कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आज्यांना शिकवावे लागले नव्हते. लिंबू पिळलेले कोणतेही पेय त्याच न्यायाने कळकते.

येथवर हा लेख माहितीचा झाला. पण गेल्या वर्षी या विषयातला एक प्रसंग माझ्यासमोर घडला आणि त्याने या छंदाकडे पाहण्याची माझी दृष्टी पक्की केली.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी बँकेत अधिकारी आहे. चहापलीकडे त्याला कशाचेही व्यसन नाही, पण जुनी मद्यपात्रे जमवण्याचा नाद आहे. त्याचे मामा एका कापडगिरणीत वरच्या हुद्द्यावर होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली. मामांच्या वडिलांनी १९४७ साली महूच्या एका लिलावात घेतलेला संच त्या घरात होता: मुलाम्याचा शेकर, कापीव काचेचे सहा पेले, बर्फाची बादली, चिमटा आणि एक सायफन. मामी घर आवरून मुलीकडे राहायला जाणार, असे ठरल्यावर भाच्याने तो संच मागितला. मामींनी साफ नकार दिला आणि तो भंगारात फोडून टाकणार म्हणून सांगितले. बोलाचाली वाढली. तो मला म्हणाला, “सर, मामी तुमचा शब्द मानतात. एकदा येऊन समजावून सांगा.”

मी गेलो. संच मेजावर मांडलेला होता. भाचा पेल्यांवरची नक्षी दाखवू लागला, बुडाचे शिक्के वाचू लागला. मामी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बाळ, तुला त्यात नक्षी दिसते. मला रात्री दिसतात. त्या चिमट्याचा आवाज आला की मुलीला घेऊन मी मागच्या खोलीची कडी लावत असे. आणि हे तू दिवाणखान्यात मांडणार, दिवा लावून?” भाचा म्हणाला, “मामी, पण भांड्याचा यात काय दोष?” त्या म्हणाल्या, “दोष नसेल. पण साक्षीदार तर आहे ना?”

या उत्तरापुढे मला समजावण्यासारखे काही उरले नाही. दारूचा हिशेब आम्हां शिक्षकांना हजेरीपटावर वाचता येतो. पगाराच्या दिवसानंतर कोणती मुले दोन दिवस शाळेत येत नाहीत, कोणाची वही महिनोन् महिने घेतली जात नाही, कोणती मुलगी वर्गात बसल्या बसल्या झोपी जाते, हे पाहत माझी तीस वर्षे गेली. मामींचे घर सुखवस्तू होते, एवढाच काय तो फरक. कडी लावण्याचा आवाज सगळीकडे सारखाच असतो. ज्याला त्या पेल्यांनी कधी जाळले नाही त्याने जळलेल्याला सौंदर्यदृष्टी शिकवू जाणे, हा उद्धटपणा झाला असता.

पण फोडून टाकण्यानेही काही साधणार नव्हते. साक्षीदाराला मारून टाकले तर साक्षही जाते. तेव्हा मी त्यांना त्या अमेरिकेतील दुकानांची गोष्ट सांगितली. तेथील ‘गुडविल’ ही संस्था एडगर हेल्म्स नावाच्या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाने १९०२ साली बोस्टनमध्ये काढली. टाकून दिलेल्या वस्तू गोळा करायच्या, गरिबांना त्या दुरुस्त करण्याचे काम द्यायचे आणि विकून त्यांची मजुरी भागवायची. दुसरी मोठी दुकाने मुक्तिफौजेची. विल्यम बूथ यांची ही संघटना १८८२ पासून आपल्या देशातही आहे. तिच्या सैनिकाला मद्याचा थेंबही वर्ज्य, तशी प्रतिज्ञाच त्याला घ्यावी लागते. आणि तरी लोकांनी दान दिलेले मद्याचे पेले तिच्या दुकानांच्या फळ्यांवर दिसतात. कारण अमेरिकेत या दुकानांच्या विक्रीतून ती व्यसनी माणसांना सावरणारी केंद्रे चालवते. कोणा घरचा पेला विकला जातो आणि त्याच्या पैशातून कोणा दुसऱ्याच्या हातचा प्याला सुटतो.

मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी भाच्याला म्हणाल्या, “बाजारात याची जी किंमत होईल ती पुरी मोजणार असशील तर ने. नात्यात फुकट देणार नाही.” भाच्याने दोन ठिकाणी चौकशी करून रक्कम आणून ठेवली. मामींनी ती माझ्या हाती दिली. “सर, तुमच्या शाळेत अशा घरच्या मुली असतील. दहावीच्या परीक्षेचे शुल्क यातून भरा. उरेल त्यातून पुस्तके घ्या. कोणाचे पैसे, हे सांगू नका. कशाचे पैसे, हेही नको.” त्या वर्षी तीन मुलींचे शुल्क त्यातून भरले गेले.

त्यांची आणखी एक अट होती. त्यांनी आपल्या हाताने एक चिठ्ठी लिहिली आणि ती शेकरच्या आत ठेवायला सांगितली; संच कोणाकडेही गेला तरी चिठ्ठी त्याच्याबरोबर जायची. तीत मजकूर थोडा आहे. संच कोठून आला, कोणाच्या घरात किती वर्षे होता, आणि मग हे वाक्य: “याने आमच्या घरी पुष्कळ पाहुणे आणले आणि घरचा माणूस नेला.” भाच्याने ती अट मानली. त्याच्या संग्रहात आज पन्नासएक वस्तू असतील. पण पाहायला येणाऱ्याला तो प्रथम ती चिठ्ठी वाचायला देतो.

मला वाटते, संग्रह करण्याचा अधिकार असाच मिळतो. शिक्के, पेटंटे, काचेची जात ही वस्तूची अर्धी ओळख झाली. ती ज्या घरात नांदली त्या घराने तिच्यामुळे काय मिळवले आणि काय गमावले, ही उरलेली अर्धी. पहिली ओळख पुस्तकांतून मिळते. दुसरी केवळ घरच्या माणसांकडून मिळते, आणि तीही ती माणसे आहेत तोवरच. आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक पिढ्यान् पिढ्या छावण्यांच्या आणि दरबारांच्या सावलीत वाढलो. आपल्या घरांत सोवळ्याची पळी होती तशी काही घरांत पंचाची पळीही होती. पहिलीचा उल्लेख आपण अभिमानाने करतो आणि दुसरी माळ्यावर टाकतो. दोन्ही आपल्याच होत्या.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या आवराआवरीत असे एखादे भांडे हाती लागले, तर ते भंगारवाल्याच्या ताजव्यात टाकण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. बुडावरचा शिक्का वाचावा. घरातील सर्वांत वडील स्त्रीला त्या भांड्याविषयी विचारावे. ती आठवणीने हसली तर ऐकावे, आणि गप्प झाली तर अधिक धीराने ऐकावे. आणि जे कळेल ते एका कागदावर तारखेसह लिहून भांड्यातच ठेवावे. मग भांडे ठेवायचे, द्यायचे की विकायचे, हे तिलाच ठरवू द्यावे. विकले तर त्याचा पैसा कोठे जावा, हेही तिनेच सांगावे.